कोणता शार्क, ते आधी सांगा

गेल्या अंकात मुशीबद्दल, म्हणजे मासळी बाजारातल्या लहान शार्कबद्दल, ओझरतं लिहिलं आणि या महिन्यात निम्मीअधिक पत्रं शार्कचीच आली. घाटमाथ्यावर राहणाऱ्या नाशिककरांना शार्कचं एवढं काय पडलंय, असं आधी वाटलं. पत्रं उघडल्यावर कळलं की भीती नदीतली आहे, अडचण स्वयंपाकघरातली आहे आणि एक 'शार्क' तर चक्क दिवाणखान्यात फिरतोय. बहुतेकांनी 'शार्क असं करतो का?' असं विचारलंय. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. काही तळहातावर मावतील, तर एक एसटीपेक्षाही लांब. तेव्हा मी पुन्हा पुन्हा 'कोणता?' असं विचारणार आहे. वर्गातही मला ही सवय होती, निवृत्त झाले तरी गेलेली नाही.

प्रश्न : पालघरकडे वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला, अशी बातमी २०२४ मध्ये वाचली होती. वैतरणा तर आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. आम्ही मित्र अप्पर वैतरणाला तंबू ठोकून राहतो, पाण्यातही उतरतो. शार्क तिथवर येईल का? आणि गोदावरीत?
— एक वाचक, सातपूर

दोन्हीकडे येणार नाही. पण तुमची शंका वेडगळ नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ती घटना फेब्रुवारी २०२४ ची, मनोर परिसरातली. तिथे वैतरणेत भरतीचं पाणी आत शिरतं, म्हणजे ती खाडीच. अशा मचूळ पाण्यात वर चढणारा मोठा शार्क म्हटलं की पहिला संशय बुल शार्कवर जातो. आखूड, बोथट नाक, बारीक डोळे, अंगापिंडाने दणकट. त्याची मादी नदीच्या मुखाशी, खाडीत पिल्लं घालते. पिल्लं पहिली काही वर्षं तिथेच काढतात, कारण त्यांना खाणारे मोठे शार्क गोड्या पाण्यात सहसा येत नाहीत.

इतरांना जे जमत नाही ते याला कसं जमतं? समुद्रातल्या शार्कच्या रक्तात युरिया भरपूर असतो. त्यामुळे त्याचं रक्त समुद्राच्या पाण्याइतकंच 'दाट' राहतं आणि खारं पाणी अंगातलं पाणी ओढून घेऊ शकत नाही. असा मासा गोड्या पाण्यात टाकला तर उलटं होतं, पाणी अंगात घुसत राहतं. बुल शार्क त्यावर दोन उपाय करतो. रक्तातला युरिया कमी करतो आणि पातळ लघवीवाटे जादा पाणी बाहेर टाकत राहतो. एवढ्या भांडवलावर तो मिसिसिपी नदीतून १९३७ साली थेट इलिनॉय राज्यातल्या ऑल्टनपर्यंत पोचला होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ पुराच्या पाण्याबरोबर काही बुल शार्क एका गोल्फ मैदानाच्या तळ्यात शिरले, पूर ओसरल्यावर तिथेच अडकले आणि वर्षानुवर्षं जगले.

मग आपल्याकडे का नाही? वाटेत भिंती आहेत म्हणून. वैतरणेवर खालून वर येताना आधी मोडकसागर, मग मध्य वैतरणा आणि शेवटी तुमचं अप्पर वैतरणा. गोदावरीचं तर विचारूच नका. त्याच डोंगरात उगम पावून ती उलट्या दिशेला, बंगालच्या उपसागराकडे १४६५ किलोमीटर जाते. तिकडून निघालेल्या शार्कला मुखापासून थोडं आत आलं की धवलेश्वरमचा बंधारा आडवा येतो. मूळचा आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने बांधलेला, १८५२ चा. तो कसाबसा ओलांडला तरी पुढे पैठणचं जायकवाडी आहेच. रामकुंडावर शार्क येणार नाही, निर्धास्त राहा.

गंगेतला शार्क मात्र याहून वेगळा. गंगा शार्क ही स्वतंत्र आणि अतिशय दुर्मीळ जात आहे, कायद्याने संरक्षित आहे. २०१६ साली मुंबईच्या ससून डॉकवर उतरलेल्या मासळीत तिची एक मादी दिसली, तेव्हा अभ्यासकांनी अक्षरशः डोळे चोळले. नदीत माणसाला चावल्याचं खापर पूर्वापार या बिचारीवर फोडलं गेलं. त्यातले बरेच उद्योग बुल शार्कचे असावेत.

राहता राहिला तुमचा तंबू. जगभरात कोणी डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या घटना वर्षाकाठी साधारण साठ-सत्तर होतात. भारतात सर्पदंशाने वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं दगावतात. रात्री तंबूबाहेर पडताना बॅटरी पायाखाली मारा, बूट झटकून घाला. आणि धरणाच्या पाण्यात लाइफ जॅकेटशिवाय उतरू नका. धरणात माणसं शार्कविनाच बुडतात.

प्रश्न : सून बाळंत झाली आहे. मोरीने दूध वाढतं असं शेजारच्या मालवणच्या काकू म्हणतात. एकदा आणली तर शिजवताना घरभर उग्र वास सुटला, डोळ्यांना झोंबत होता. आमचे हे म्हणाले, फेकून दे. कुठे चुकलं?
— गृहिणी, नाशिक रोड

ताई, चुकलं बाजारात. मोरी म्हणजे शार्कच. वर युरियाचं सांगितलं ना, तोच युरिया तुमच्या पातेल्यात होता. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. बोंबील, बांगडा शिळा झाला तर घाण वास येतो. मोरी शिळी झाली तर डोळ्यांत पाणी येतं. मुंबईहून निघालेला माल रात्री घाट चढून आपल्याकडे येतो. वाटेत बर्फ कमी पडला की सकाळी ही गत.

घेताना कल्ल्यांच्या फटींशी नाक नेऊन वास घ्या. नुसता समुद्राचा वास आला तर घ्या, नाकात झणका बसला तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. असा वास आलेला मासा मसाल्याने सुधारत नाही. घरी आणली की लगेच पोट साफ करून रक्त धुऊन टाका. मग कढत पाणी ओतून सुरीने कातडी खरवडा. हाताला चरचरतं ते वाळू नव्हे, बारीक खवले असतात, आणि रचनेने ते दातच असतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवून बघा, लगेच कळेल. तुकडे करून मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावून अर्धा तास ठेवा. आंबटामुळे उरलासुरला अमोनिया बांधला जातो. नंतर तुमच्या पद्धतीने काळा मसाला घाला. आमच्या माहेरी श्रीवर्धनला हे ऐकून नाकं मुरडतील, मी मात्र नाशिकला आल्यावर काळ्या मसाल्यातलंच कालवण करते. काटा नसतो, मधला मणका तेवढा असतो, तोही कूर्चेचा. त्यामुळे पोरांच्या घशात काटा अडकायची भीती नाही.

आता बाळंतिणीचं. मोरीत प्रथिनं चांगली आहेत, पण दूध वाढवणारं खास काही तिच्यात आहे असं सिद्ध झालेलं नाही. आणि इथे पुन्हा, कोणती मोरी? हातभर लांबीची मुशी असेल तर अधूनमधून खायला हरकत नाही. मोठ्या शार्कच्या जाड वड्या कापून विकतात, त्या मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने टाळाव्यात. मोठा शार्क आयुष्यभर दुसरे मासे खात राहतो आणि त्या सगळ्यांतला पारा त्याच्या मांसात साठत जातो. सुनेला मांदेली द्या, बोंबील द्या. काकूंना माझं नाव सांगा हवं तर.

ही लहान मुशी माझ्या विशेष ओळखीची. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या कित्येक पिढ्यांनी शार्क पाहिला तो हाच, फॉर्मॅलिनच्या पिंपातून ट्रेमध्ये आलेला. समुद्र कधीच न पाहिलेली निफाड-चांदवडची मुलं आधी नाकाला रुमाल लावायची. मग मी त्यांना मुशीचं नाक दोन बोटांनी हलकेच दाबायला सांगायची. त्वचेवरच्या बारीक छिद्रांतून पारदर्शक जेली बाहेर यायची आणि रुमाल खाली यायचे. लोरेंझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १६७८ साली या छिद्रांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय, हे मात्र विसाव्या शतकात उमगलं. वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंतून निघणारी क्षीण वीज शार्कला यांतूनच कळते. मादीचं पोट उघडलं की कधी कधी आत ओळीने पिल्लं निघायची, नाळेसकट. ही मुशी अंडी घालत नाही, वारेवर पिल्लं पोसते. २०१४ मध्ये यूजीसीने विच्छेदन बंद केलं. प्राण्यांच्या दृष्टीने बरंच झालं, पण ती जेली पडद्यावरच्या चित्रातून येत नाही.

प्रश्न : मॅम, सगळ्यात मोठा, सगळ्यात छोटा, सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात डेंजर शार्क कोणता? मला हॅमरहेड आवडतो.
— इयत्ता सहावी, पंचवटी

सगळ्यात मोठा व्हेल शार्क, अठरा मीटरपर्यंत वाढतो. खातो काय? प्लवक, माशांची अंडी, बारीक मासे. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं आणि गाळायचं. दात हजारो, पण इवलेसे आणि खाण्याच्या कामाचे नाहीत. अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे. आकाशातल्या ताऱ्यांच्या जागा जुळवायला खगोलशास्त्रज्ञ जी गणिती पद्धत वापरतात, तीच वापरून शास्त्रज्ञ ठिपक्यांवरून प्रत्येक व्हेल शार्क ओळखतात. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी त्यांची मोठी शिकार व्हायची. २००१ साली वन्यजीव कायद्याने संरक्षण मिळालं आणि नंतर तिथल्या मच्छीमारांनी जाळी कापून त्यांना सोडायला सुरुवात केली. जाळं महाग असतं बरं का, म्हणून ही गोष्ट मोठी.

सगळ्यात छोट्यांपैकी एक बुटका कंदील शार्क. दक्षिण अमेरिकेजवळ खोल पाण्यात राहतो, तुझ्या पट्टीपेक्षाही छोटा, आणि त्याचं पोट चमकतं. म्हातारा कोण म्हणशील तर ग्रीनलंड शार्क. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून वय काढलं. एक मादी कमीत कमी २७२ वर्षांची निघाली, म्हणजे पेशवाईच्या ऐन भरात जन्मलेली! हिला आई व्हायलाच दीडशे वर्षं लागतात.

डेंजर म्हणशील तर ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल, या तिघांवर नजर ठेव. पण मला विचारशील तर सगळ्यात आगाऊ कुकीकटर. हातभर लांबीचा मासा, पण देवमाशाला चिकटून गोल गिरकी घेतो आणि अंगातून गोळा काढून पळतो. अमेरिकी पाणबुड्यांच्या रबरी आवरणालाही त्याने चावे घेतलेत.

तुझा हॅमरहेड म्हणजे कोकणातली कानमुशी. रुंद डोक्यावर ती जेलीची छिद्रं पसरलेली असतात, त्यामुळे वाळूत दडलेला पाखट नावाचा चपटा मासा शोधायला सोपा. सापडला की त्याच डोक्याने दाबून धरायचा. वरचं उत्तर आईकडून वाचून घे, जेलीचं तिथे आहे.

प्रश्न : पोहायचा थांबला की शार्क मरतो, हे खरं का?
— एक वाचक, मनमाड

काहींच्या बाबतीत खरं. ग्रेट व्हाइट, माको यांना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायला पुढे जावंच लागतं. नर्स शार्क, बांबू शार्क तळाशी पडून निवांत पाणी आत ओढतात.

प्रश्न : 'शार्क' म्हणून दुकानातून तीन इंचाचे दोन मासे आणले. आता फूटभर झालेत, दिवा लावला की काचेवर धडका देतात. दुकानदार परत घेत नाही. गोदावरीत सोडले तर चालतील का?
— एक वाचक, इंदिरानगर

मुळीच नाही, आणि हे शार्क नाहीत. फोटोत ओठांशी मिशा स्पष्ट दिसताहेत. हा पंगास. मेकाँग नदीकडचा, आपल्या शिंगाळ्याचा लांबचा भाऊबंद. हाडं आहेत, पोटात हवेची पिशवी आहे, शार्कला यातलं काहीच नसतं. हॉटेलात 'बासा' म्हणून बिनकाट्याच्या वड्या मिळतात, त्या बहुधा याच माशाच्या असतात. भित्रा आणि कळपातला मासा, म्हणून दिव्याने दचकतो. वाढून मीटरभराच्या पुढे जातो, तुमच्या टाकीत त्याचे हाल आहेत.

परका मासा नदीत किंवा गंगापूर धरणात सोडला की तो स्थानिक माशांच्या वाटणीचं खातो, सोबत रोगही नेतो. ओळखीत कोणाचं प्लास्टिक अस्तराचं, पावसात न फुटणारं शेततळं असेल तर तिथे द्या. पंगास तळ्यात चांगला वाढतो, शेतकरी खुशीने घेईल. नंतर तो खाईलच, हे गृहीत धरा. तोवर टाकीचा दिवा कमी करा.

प्रश्न : वडिलांना कर्करोग आहे. शार्कला कॅन्सर होत नाही, म्हणून त्याच्या कूर्चेच्या कॅप्सूल घ्या, असं एकाने सुचवलं. महाग आहेत. घ्याव्यात का?
— एक मुलगी, देवळाली कॅम्प

घेऊ नका. शार्कलाही गाठी होतात, कर्करोग होतो, तशा नोंदी आहेत. हा समज अमेरिकेत १९९० च्या दशकात जोरात पसरला आणि त्यावर धंदा उभा राहिला. पुढे रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या, त्यांत फायदा दिसला नाही. ते पैसे वडिलांच्या औषधाला आणि खाण्यापिण्याला लागू देत. आणि आतापर्यंत काही दिलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, ते रागावणार नाहीत.

प्रश्न : पांडवलेण्याच्या डोंगरावर मुलाला त्रिकोणी, टोकदार, चकाकणारा दगड सापडला. शार्कचा दात असेल का? फोटो जोडला आहे.
— एक वडील, पाथर्डी फाटा

नाही. हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शार्कचे दात गाळाच्या खडकात मिळतात, कच्छमध्ये किंवा तामिळनाडूत अरियालूरला. तुमचा दगड लाव्ह्याच्या पोकळीत वाढलेला स्फटिक दिसतो. चाकूने कडेला ओरखडा काढून पाहा. उमटला तर बहुधा झिओलाइट, नाही उमटला तर गारगोटी. मुलाला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात घेऊन जा, दगड खिशात असू द्या.