शेकोटीबंदीचा ठराव मांडण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. किनाऱ्यावरच्या शेकोट्या बंद करण्याचा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायचं तू ठरवलं आहेस आणि त्यावरून आत्ताच गावात दोन तट पडलेत. होमस्टेवाल्यांना भीती वाटते की पाहुणा शेजारच्या गावात जाईल. कासवमित्रांना पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, एक ठिणगीसुद्धा नको आहे. तू पंचायतीत नवी आहेस, सदस्यांमध्ये वयानं सगळ्यांत लहान आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ग्रामसेवक म्हणून नोकरीची सगळी वर्षं ठराव लिहिण्यात गेली. त्यातले किती अमलात आले आणि किती इतिवृत्ताच्या वहीतच राहिले, हे मी जवळून पाहिलं आहे.

तुझी मागणी योग्य आहे, हे आधी सांगतो. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, तीही साधारण हातभर खोल वाळूत. वरून काहीच दिसत नाही. त्याच जागेवर कुणी लाकडं रचली तर खाली काय आहे हे त्याला कळणार कसं? माणसांची वर्दळ आणि उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच पाण्यात परतते. पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडचं आभाळ जास्त उजळ असतं, म्हणून ती पाण्याकडे जातात. मागे सुरूच्या बनाजवळ शेकोटी पेटली असेल तर ती उलटी फिरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे, म्हणजे कायद्यानं वाघाला जे संरक्षण दिलं तेच हिला. हे सगळं तुला ठाऊक आहे. पण ग्रामसभेत फक्त कासव सांगू नकोस. पाहुणे जाताना निखाऱ्यांवर वाळू लोटतात आणि आग विझली असं समजतात. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगत राहतो, वरून कळत नाही, आणि पहाटे जाळ्यावर निघालेल्या माणसाचा नाहीतर खेळणाऱ्या पोराचा पाय त्यात जातो. जुन्या फळ्या जाळल्या की त्यांचे खिळे वाळूतच उरतात. हे ऐकल्यावर कासवाशी देणंघेणं नसलेला माणूसही मान डोलावेल.

आता मुख्य गोष्ट. बंदी मंजूर होणं सोपं आहे. शनिवारी रात्री अकरा वाजता पुळणीवर कोण जाणार आणि तिथं काय बोलणार, हे ठरवणं अवघड आहे. ते ठरलं नसेल तर ठराव पुढे ढकल. बाटली आडवी केलेली गावं तू पाहिली आहेस. बायांनी मतदानानं दुकान बंद पाडलं आणि नंतर लक्ष ठेवायला कुणी उरलं नाही, तिथं मागच्या दारानं दारू परत आली. त्याहून वाईट हे की पुढच्या वेळी बाया सभेलाच आल्या नाहीत. पाळला न गेलेला नियम पुढच्या चार नियमांचं वजन घालवतो. त्याउलट हिवरे बाजार बघ. तिथं चराईबंदी झाली, पण गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. जनावरं उपाशी राहिली असती तर ती बंदी महिनाभरही टिकली नसती.

म्हणून होमस्टेवाल्यांना शत्रू मानू नकोस. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं कासवांचं काम सुरू केलं. पुढे त्याच कासवांमुळे गावात घराघरांतून पाहुणे राहू लागले. म्हणजे पाहुणा कासवासाठीही येतो. त्याला थंडीत शेकायचंच असेल तर घरामागच्या अंगणात, विटांवर ठेवलेल्या लोखंडी घमेल्यात शेकोटी करू द्या. उजेड समुद्राकडे जाणार नाही अशी जागा हवी, शेजारी पाण्याची बादली हवी, आणि निजायच्या आधी पाणी ओतून राख थंड झाली की नाही हे यजमानानं स्वतः बघायचं. ही मुभा ठरावातच लिही. पाहुण्यानं फोनवर खोली मागितली की तेव्हाच त्याला नियम सांगायचा. मुंबई-पुण्याहून सात-आठ तास गाडी हाकून आलेल्या माणसाला रात्री पुळणीवर पहिल्यांदा नियम कळला तर तो भांडणारच, आणि त्यात सगळा दोष त्याचा नसतो.

आता नाजूक भाग. तुझ्या मसुद्यात ‘बाहेरील पर्यटकांनी’ असे शब्द आहेत. ते काढ. ३१ डिसेंबरला पुळणीवर लाकडं रचणाऱ्यांत आपले चाकरमानी किती असतात हे सगळ्या गावाला माहीत आहे. सरपंचांच्या पुतण्याला सूट आणि पुण्याच्या पोराला दंड, असं एकदा जरी झालं तरी तुझा नियम त्या रात्रीच संपला. शिमग्याचं मात्र वेगळं आहे. आपला होळीचा होम सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी लागतो, पुळणीवर नाही, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. पण खालच्या वाडीची होळी किनाऱ्यालगत पेटते आणि ती नेमकी कासवांच्या हंगामात येते. त्यावर गप्प राहू नकोस. गावकीच्या मानकऱ्यांकडे सभेच्या आधी घरी जा, भरतीरेषेपासून मागे, ठरलेल्या एकाच जागी होळी करता येईल का ते विचार. ते मान्य झालं तर ‘होळीच्या रात्री अमुक जागी’ असं उघड लिही. पहाटे जाळं ओढायला जमलेले खलाशी शेकतात, त्यांचंही लिही. लिहिलेली सूट लोक मानतात. न लिहिलेली दिसली की त्याला वशिला म्हणतात.

मालवणकडे असताना मी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, पुष्कळदा पाहिली. जाळं ओढून झालं की मासळीचे वाटे सगळ्यांसमोर वाळूवरच पडतात. तिथं पोलीस नसतो, पण वाटा चुकला तर दहा जण जागच्या जागी बोलतात. तुझ्या नियमाला असं उघडेपण हवं.

कायद्याचं थोडक्यात. भरतीरेषेखालची वाळू पंचायतीच्या मालकीची नाही, सरकारची आहे. त्यामुळे पंचायतीनं परस्पर दंडाचा आकडा लिहू नये. दंड कुठल्या तरतुदीखाली घेता येईल हे पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडून लेखी घे. ठरावाची प्रत तहसीलदार, पोलीस ठाणं आणि वनविभाग या तिघांना जाऊ दे. नाताळ ते नववर्ष या आठवड्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश मागता येतो. पूर्वी हेच १४४ होतं. असा आदेश एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, म्हणून तो वर्षभराच्या नियमाची जागा घेणार नाही. गोव्यानं २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं यांवर दंड लावला, एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये. तो राज्याचा कायदा होता. तुझ्या हातात ग्रामसभेचा ठराव आहे. दोन्हींची ताकद सारखी धरू नकोस.

सभेबद्दल एक आग्रह. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथं दहा माणसांतही ठराव होतो, कुणीतरी तुला ही वाट सुचवेलच. ती धरू नकोस. दहा जणांनी केलेला नियम पाळायला बाकीचं गाव बांधील राहत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, खरी चर्चा तिथं घडव. होमस्टेचा स्वयंपाक, अंथरुणं आणि पाहुण्यांशी बोलणं बायाच करतात. काय पेलेल, काय नाही, हे त्यांना नेमकं कळतं.

आणि रात्रीच्या फेरीबद्दल मला खरी काळजी आहे. तुझ्या बरोबरची पोरं उत्साही आहेत, पण नियम हातात आला की हातही उठतो. एकट्यानं कुणी जायचं नाही. प्यालेल्यानं जायचंच नाही. घमेलंभर पाणी सोबत, वाळू लोटायची नाही. आधी हात जोडून सांगायचं. ऐकलं नाही तर गाडीचा नंबर लिहून ते ज्यांच्याकडे उतरलेत त्या यजमानाला बोलवायचं. तरीही नाही, तर ११२ ला फोन करून बाजूला उभं राहायचं. गाडीची चावी काढणं, मोबाईल हिसकावणं, व्हिडिओ काढून गावभर फिरवणं, यातलं काही चालणार नाही. मुलगा-मुलगी दोघंच बसलेले दिसले तर तुम्ही कोण, कुठले, ही चौकशी करायची नाही. विषय आगीचा आहे, तेवढंच बोलायचं. पावतीशिवाय एक रुपया कुणी घेतला तर त्याचं नाव ग्रामसभेत वाचलं जाईल, हे ठरावात घाल.

पहिल्या हंगामात फक्त समज द्यायची, दंड पुढच्या वर्षी, असं मला वाटतं. कासवमित्रांना हे पटणार नाही, त्यांची घाई मला समजते. पण या एका हंगामात नेमके कोण, कुठे, कुठल्या दिवशी पेटवतात याची वही तयार होईल, आणि दंडाच्या वेळी वाद घालणाऱ्यापुढे ती ठेवता येईल.

विस्तार अधिकाऱ्यांचं उत्तर आलं की प्रत पाठव. मानकऱ्यांकडे जाताना वहिनींना बरोबर ने, खालच्या वाडीत त्यांचं माहेर आहे. महिला सभेनंतर सुधारलेला मसुदा मला दाखव, कुणाला कुठे सूट, तो परिच्छेद आपण दोघं बसून लिहू.

तुझा,
काका