डिपार्टमेंटच्या ॲडमिनचा पगार ग्रँटवर टाकता येतो का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अमेरिकेतल्या विद्यापीठात तुम्ही नवे असिस्टंट प्रोफेसर आहात, एनआयएचची (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) पहिली आर०१ ग्रँट, म्हणजे एका संशोधन प्रकल्पासाठीचं अनुदान, हातात आली आहे, आणि विभागप्रमुख सुचवताहेत की ऑफिसातल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह असिस्टंटचा २० टक्के पगार त्या ग्रँटवर टाकावा. तुमच्या लॅबच्या ऑर्डरी, प्रवासाची बिलं, नेमणुकांचे कागद ती बघते, मग हरकत काय?

तुम्ही सांगितलेली कामं एवढीच असतील तर टाकू नका. मी बरीच वर्षं अशाच एका विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसात काम करते आणि हा प्रश्न दर वर्षी नव्या प्राध्यापकांकडून येतो. नुसतं ‘नियमात बसत नाही’ म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. कारण कळलं तर पुढचे दहा निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल.

सरकार तुमच्या ग्रँटवर ओव्हरहेड देतं, म्हणजे विद्यापीठाच्या सामायिक खर्चापोटी ठरलेल्या टक्केवारीने वेगळे पैसे. इमारत, वीज, ग्रंथालय यांच्यासोबत डिपार्टमेंटच्या ऑफिसाचा खर्चही त्या दरात धरलेला असतो. म्हणजे त्या असिस्टंटच्या पगारातला संशोधनाचा वाटा सरकार आधीच भरतं आहे. सोसायटीच्या मेंटेनन्समधून वॉचमनचा पगार जात असताना एकाच फ्लॅटकडून त्याचे वेगळे पैसे घ्यावेत, तसं हे होतं. वर आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: थेट टाकलेल्या पगारावर पुन्हा ओव्हरहेड लागतं. दर ५५ टक्के धरला तर १०,००० डॉलरच्या पगारापोटी ग्रँटमधून १५,५०० डॉलर जातात. ते पैसे तुमच्या पोस्टडॉकचे, तुमच्या रसायनांचे असतात.

मग प्रमुखांना हे का सुचतं? कारण त्यांची अडचण खरी आहे. १९९१ पासून विद्यापीठांच्या ओव्हरहेडमधल्या प्रशासकीय भागाला २६ टक्क्यांची मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त झाला तरी वरचा भाग विद्यापीठानेच सोसायचा. ही मर्यादा आली ती स्टॅनफर्डच्या ओव्हरहेडवरून उठलेल्या वादळानंतर. मार्च १९९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये (तिथल्या संसदेत) जॉन डिंगेल या खासदारांच्या समितीपुढे सुनावणी झाली, ओव्हरहेडमध्ये एका यॉटचा घसारासुद्धा धरला गेल्याचं पुढे आलं आणि विद्यापीठाचे अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांना पद सोडावं लागलं. (१९९४ मध्ये १२ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि गैरव्यवहाराचा ठपका सरकारने ठेवला नाही. सुनावणी सगळ्यांना आठवते, हे कुणाला आठवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.) एकदा मर्यादा आली की खर्च दुसऱ्या दाराने, म्हणजे थेट ग्रँटवर, आणण्याचा मोह होणारच. ते दार १९९३ मध्ये ए-२१ सर्क्युलर (विद्यापीठांच्या ग्रँट-खर्चाचे तेव्हाचे सरकारी नियम) सुधारून बंद केलं गेलं: कारकुनी आणि प्रशासकीय पगार एरवी ओव्हरहेडमध्येच धरायचे. त्याची जागा घेणाऱ्या आजच्या नियमावलीत, युनिफॉर्म गायडन्सच्या कलम २००.४१३ मध्ये, तेच तत्त्व आहे.

अपवाद मात्र आहे, आणि तो मोकळेपणाने वापरावा असं माझं मत आहे. काम त्या प्रकल्पाचा अविभाज्य भाग हवं, काम करणारी व्यक्ती त्या प्रकल्पाशी नेमकी जोडता यायला हवी, आणि तोच खर्च ओव्हरहेडमधून वसूल होत नसावा. पूर्वी बजेटमध्ये स्पष्ट उल्लेख किंवा एजन्सीची लेखी पूर्वमंजुरी ही अटही होती. २०२४ च्या सुधारणेत ती काढली. पण जुन्या अवॉर्डला त्याच्या त्याच्या अटी लागू राहतात, म्हणून आधी तुमचं अवॉर्ड लेटर (ग्रँट मंजुरीचं पत्र) वाचा. आणि अट नसली तरी बजेट जस्टिफिकेशनमध्ये, म्हणजे खर्चाची कारणं देतात त्या भागात, लिहाच. आर०१ चं बजेट मॉड्युलर (बाबवार तपशील न देता ठोक टप्प्यांत मागितलेलं) असलं तरी कर्मचाऱ्यांबद्दल लिहायला तिथे जागा असते.

अविभाज्य म्हणजे काय, हे उदाहरणांनीच कळतं. अनेक रुग्णालयांत चालणारी क्लिनिकल ट्रायल, जिथे एक माणूस दिवसभर रुग्णांच्या भेटी ठरवतो आणि नोंदी गोळा करतो. शेकडो जणांच्या प्रवासाची आणि राहण्याची सोय करावी लागणारी परिषद. कॅम्पसपासून लांब असलेलं फील्ड स्टेशन किंवा संशोधन जहाज, जिथे डिपार्टमेंटचं ऑफिस पोचूच शकत नाही. जुन्या ए-२१ मधली उदाहरणं याच धर्तीची होती आणि मला अजून तीच सगळ्यात उपयोगी वाटतात. कसोटी एकच: हे काम शेजारच्या लॅबलाही ऑफिसकडून असंच मिळतं का? मिळत असेल तर ते ओव्हरहेडमधलं. तुमच्या प्रकल्पाची गरजच प्रकाराने किंवा आकाराने वेगळी असेल, तर थेट खर्च.

हुद्दा बदलून काही होत नाही. असिस्टंटला ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ म्हटलं आणि टेबलावर तीच बिलं राहिली, तर ऑडिटर कामच बघतो. उलट, हुद्दा कारकुनी असूनही एखादी व्यक्ती सर्व्हेचा डेटा भरत आणि तपासत असेल, तर त्या कामाचं समर्थन करता येतं.

यात मला सगळ्यात जास्त काळजी त्या असिस्टंटची वाटते. पगार ग्रँटवर गेला की तिचा वेळ खरोखर कुठे गेला याची नोंद जुळावी लागते. बजेटमध्ये २० टक्के लिहिले होते, एवढा पुरावा कलम २००.४३० ला पुरत नाही. इफर्ट सर्टिफिकेशनवर (कुठल्या कामाला किती वेळ दिला याच्या दाखल्यावर) सही करायची वेळ येते तेव्हा तिने प्रमुखांना ‘नाही’ म्हणावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. तिला त्या जागी आणून बसवूच नका.

एनआयएचने फेब्रुवारी २०२५ मध्ये सरसकट १५ टक्के ओव्हरहेड जाहीर केलं आणि बोस्टनच्या फेडरल कोर्टाने ते अडवलं, तेव्हापासून ‘जमेल तेवढं थेट टाका’ हा सूर वाढला आहे. तशी पद्धत बदलायचीच असेल तर ती विद्यापीठाने सगळीकडे सारखी आणि सरकारला कळवून बदलावी लागते. एका डिपार्टमेंटने एका ग्रँटपुरती ती बदलता येत नाही. प्रमुखांना हेच सांगा आणि ग्रँट ऑफिसचं मत ईमेलवर मागवा, म्हणजे नकार तुमच्या एकट्याच्या नावावर राहणार नाही.

पगार आधीच चार्ज झाला असेल तर वर्षअखेरीची वाट बघू नका. चूक लक्षात आल्यापासून ९० दिवसांत कॉस्ट ट्रान्सफर (खर्च दुसऱ्या खात्यावर वळवणं) व्हावी अशी एनआयएचची अपेक्षा असते. रक्कम डिपार्टमेंटच्या सरकारी पैसा नसलेल्या खात्यावर वळवा, आणि त्यावर लागलेलं ओव्हरहेडही ग्रँटवरून उलटलं का, ते पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये तपासा.