कोबीचं मूळ सुटत नाही आणि ‘पेप्टाइड’ची बाटली

बेळगावजवळच्या कडोलीहून प्रश्न आलाय: “कोबी लावून वीस दिवस झाले, रोपं मरगळलीत, मूळ सुटत नाही. दुकानदार पेप्टाइडचं औषध देतोय, पंपाला दुप्पट घाला म्हणतोय. घालू का?” येळ्ळूरहून टोमॅटोबद्दल जवळपास हेच विचारलंय.

दुप्पट तर नाहीच, आत्ता एकपटही नको. आधी चार रोपं मातीसकट काढून मुळं धुऊन बघा. तपकिरी, वास मारणारी असली तर वाफ्यात पाणी साचतंय. येळ्ळूरच्या काळ्या रानात पावसाळ्यात नव्वद टक्के भानगड हीच असते. टोमॅटोच्या मुळावर गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्याला न दिसणारे जंत. गंमत अशी, की काही सूत्रकृमी झाडाच्याच निरोप देणाऱ्या पेप्टाइडची नक्कल करून मुळाला फसवतात. तिथं बाटली काय करणार?

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. झाड तो स्वतःच बनवतं, निरोप द्यायला. टोमॅटोतलं सिस्टेमिन 1991 साली सापडलं, अवघ्या 18 अमिनो आम्लांचं. माती सुकली की मुळाकडून पानाला ‘तोंडं (पानावरची बारीक छिद्रं) मिटा’ असा निरोप जातो, तोही पेप्टाइडनंच. हे कोबीच्याच कुळातल्या एका रोपात दिसलंय. पण काही पेप्टाइडं मुळाची वाढ रोखतातही. म्हणून ‘जास्त घाला, जास्त मूळ’ हा दुकानदाराचा हिशेबच खोटा.

दुकानातल्या बाटलीत बहुतेक वेळा असतं ते प्रथिनं तोडून केलेलं अमिनो आम्लांचं मिश्रण. ते वाईट नाही. मूळ धरलेल्या रोपाला, ताण येण्याआधी, संध्याकाळी, लेबलवरच्या मापानं दिलं तर थोडा उपयोग होतो. उन्हानं मान टाकलेल्या रोपावर दुपारी मारू नका. दुप्पट मारू नका, कोवळी पानं करपतात. बुरशीनाशक, ह्युमिक, 19:19:19 चं विद्राव्य खत सगळं एकाच टाकीत कालवू नका. वाढीला चालना देणारी ही जैव-उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. लेबलवर घटक नसतील, पक्की पावती मिळत नसेल, तर बाटली तिथंच ठेवून या.

युरियाचंही तेच. नत्र कमी पडलं की मूळच वर निरोप धाडतं आणि जिथं नत्र आहे तिथली मुळं जास्त ओढू लागतात. तुम्ही पोतं रिकामं केलंत तर मूळ कशाला धडपडेल? हप्ते पाडून द्या.

माझं म्हणणं दरवर्षीचंच: गादीवाफा करा. वाफे उंच, मधे चर, शेवटी पाण्याला वाट. कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा आणि लावताना रोपांची मुळं लिटरला 10 ग्रॅम ट्रायकोडर्माच्या पाण्यात बुडवा. त्यावर लगेच बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) नको, नाहीतर केलेलं सगळं मातीत. गाठींच्या रानात पुढच्या हंगामात झेंडू घ्या. टोमॅटोवर टोमॅटो, वांगं, मिरची नको.

ठिबकच्या अनुदानासाठी बागायत खात्यात फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) आणि उतारा घेऊन जा, बाकी तिथं सांगतील. कडोलीकरांनी मात्र आधी चर काढून चार-पाच दिवस वाट बघावी. पांढरी मुळं फुटली तर बाटलीची गरजच नाही.