विमानतळावर अंग चाचपून तपासतात, म्हणून विमानप्रवासच सोडून द्यावा का?

माझं मत विचाराल तर सोडू नका. तपासणीला नकार दिलात तर विमानात चढू देत नाहीत, तिकिटाचे पैसे जातात आणि तपासणारं खातं मात्र ढिम्म. मुंबईलाच जायचं असेल तर प्रश्न नाही. संध्याकाळी मडगावला किंवा थिवीला कोकणकन्या पकडायची, सकाळी मुंबई. पण आमच्या गोव्यात घरटी कोणीतरी आखातात नाहीतर बोटीवर नोकरीला. त्यांनी काय पोहत जायचं?

अमेरिकेत २०१० साली अंगावरच्या कपड्यांआडचं शरीर दाखवणारे स्कॅनर विमानतळांवर सर्रास बसू लागले. ते नको म्हणणाऱ्याची हाताने कसून झडती. त्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांनी स्कॅनर नाकारून रांगा तुंबवायच्या अशी हाक दिली गेली. लोकांना सणाला घर गाठायची घाई, बार फुसका निघाला. ती यंत्रं हटली २०१३ मध्ये. खऱ्या शरीराऐवजी नुसती बाहुलीसारखी आकृती दाखवा, अशी कायद्याने सक्ती झाली आणि त्या यंत्रांना ते जमेना.

आपल्याकडेही नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ टाकला, की कृत्रिम पाय दर वेळी काढायला लावतात. विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफ या केंद्रीय दलाने माफी मागितली. अर्थात त्या नावाजलेल्या, तुमचं-माझं कोण ऐकतो हेही खरंच.

तरी जागच्या जागी बोलून बघा. माझ्या आईच्या गुडघ्यात धातूचा सांधा आहे, चौकटीतून गेली की यंत्र कोकलणारच. मग पडद्याआड ठोकळ्यावर उभं राहून हात पसरायचे, बाई जवान निऱ्यांवरून यंत्र फिरवते. त्याबद्दल तिची तक्रार नसते. पण एका विमानतळावर रांगेतच साडी वर करून गुडघा दाखवायला सांगितलं. आई जागची हलली नाही. "आत चला, तिथं दाखवते," एवढंच म्हणाली. नेलं की मुकाट आत!

बायकांची झडती बाईनेच आणि आडोशाला घ्यायची असते, ते हक्काने मागा. सांध्याचा किंवा पेसमेकरचा डॉक्टरी कागद वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. कोणी हद्द ओलांडली तर तिथल्या तिथे वरिष्ठांना बोलवायला सांगा, तारीख-वेळ टिपून घ्या आणि विमान खात्याच्या एअरसेवा पोर्टलवर लेखी तक्रार टाका.