चपला काढतात तिथं दिवा लाव

प्रिय तरुण मित्रास,
अनेक आशीर्वाद.

समाजमंदिराचा तुझा नकाशा पाहिला. हॉलच्या छताला सारख्या अंतरावर १२ ट्यूबलाइट मांडल्या आहेस. उजेड भरपूर पडेल, पण कार्यक्रम संपला की माणसं सरळ घरी जातील. ती बोलत रेंगाळतात ती चपला काढतात तिथं, पाण्याच्या नळापाशी, सूचनाफलकासमोर, जिन्याच्या चौकात. आधी या जागांचा विचार कर, हॉलचा नंतर.

माणूस ओळखू येतो चेहऱ्यावरून. म्हणून फरशीवर किती लक्स, म्हणजे किती उजेड, पडतो एवढ्यावर थांबू नकोस; जमिनीपासून दीड मीटर उंचीवर लक्समीटर उभा धरूनही मोज. अरुंद झोताचा दिवा थेट डोक्यावर आला, तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि शेजारचे काकाही पटकन ओळखू येत नाहीत. दिवा भिंतीपासून ५०-६० सेंटीमीटरवर घे आणि उजेड भिंतीवर सोड. फिकट भिंतीवरून तो चेहऱ्यावर मऊ होऊन येतो. बाकाची पाठ खिडकीकडे नको. दारातून येणाऱ्याला नुसती काळी आकृती दिसते. बाक खिडकीला काटकोनात ठेव.

सगळीकडे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि किमान ८० सीआरआयचे दिवे घे; सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. पॅसेजला १०० लक्स पुरे, वाचनाच्या टेबलावर ३०० हवेत. पंख्याच्या पात्यांवर दिवा कधीच नको. पाती फिरली की उजेड थरथरतो, डोळे शिणतात आणि लोक उठतात.

रंगाचं काम जास्त नाजूक आहे. मोठ्या भिंती मोतिया ठेव, आणि गेरू किंवा हळदी पिवळा फक्त थांबायच्या जागी, बाकामागच्या भिंतीला दे. लांबूनच नजर तिकडे जाते. पण लोक तिथं टेकतात, डोक्याच्या तेलाचे डाग पडतात, म्हणून ठेकेदार चकचकीत ऑइलपेंट सुचवेल. त्यात दिव्याचं बिंब डोळ्यांवर येतं. धुता येणारा मॅट रंगच माग. शेडकार्डावर विसंबू नकोस. भिंतीवर २ बाय २ फुटांचा तुकडा दोन हात मारून वाळू दे, मग सकाळी, दुपारी चारला आणि रात्री बसवायच्याच दिव्यांखाली पाहा. तोच गेरू ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडाखाली मळकट दिसतो.

आणि भगवा, निळा, हिरवा हे आपल्याकडे नुसते रंग नाहीत. एखादा रंग एका गटाचा वाटला, तर बाकीचे उंबरठ्यावरूनच परततात. वस्तीतल्या सगळ्या आळ्यांना नमुना दाखव, बायकांना आवर्जून विचार.

ओट्याचं आणि चपलांच्या जागेचं सर्किट हॉलपासून वेगळं काढ, म्हणजे हॉलला कुलूप लागल्यावरही तिथं गप्पा चालतील.

वर्षा-दोन वर्षांत एखादा दिवा जाईल आणि कोणीतरी हाताला येईल तो पांढराफटक लावेल. म्हणून डीबीच्या, म्हणजे विजेच्या स्विचांच्या मुख्य पेटीच्या, दाराला आतून ‘३००० केल्विन’ आणि वॉट लिहून चिकटव. दर दहा दिव्यांमागे एक जादा दिवा राखणदाराकडे देऊन ठेव.

सुधारलेला नकाशा पाठव.