भाव विचारून जेव

चिरंजीव,

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. डॉक्टरेटचं कौतुक परवा फोनवर करून झालंय, ते पुन्हा नको. परीक्षकांसमोर दोन तास उभी राहून त्यांच्या प्रत्येक शंकेला पुरून उरलेली मुलगी एका मेनूकार्डापुढे गळपटली, याचं मात्र मला नवल वाटतंय. तुझे प्रोफेसर आणि त्यांच्या मिसेस, लॅबमधले दोघे, देवरुखहून आलेले आई-बाबा आणि तू, अशी सात माणसं. जागा प्रोफेसरांनीच सुचवलेली, इथलंच न्यू जर्सीतलं ते महागडं इटालियन स्टेक-सीफूडवालं. पैसे तू देणार, हे मला आवडलं. पण पुढे लिहितेस, 'काका, शेवंडीपुढे किंमतच नाही, नुसतं एमपी लिहिलंय. विचारलं तर सरांना काय वाटेल?'

काही वाटणार नाही. विचार.

अगं, एमपी म्हणजे मार्केट प्राइस. शेवंड वजनावर जाते आणि तिचा दर रोज हलतो, म्हणून आकडा छापत नाहीत. आपण मिरकरवाड्याच्या जेटीवर सुरमईचा भाव तीनदा विचारतो, चौथ्यांदा पाठ फिरवून चालायला लागतो, मग पाचव्यांदा ती बाई हाक मारते. तीच आपण माणसं, पांढरा टेबलक्लॉथ दिसला की वाचा बसते. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्यांनी उगाच नाही म्हणून ठेवलेलं. वेटर कार्डावर नसलेले 'आजचे खास' पदार्थ तोंडपाठ म्हणून दाखवेल: अमुक गावची कालवं, तमुक मशरूम घातलेला रिझोतो, म्हणजे त्यांचा मऊ भात. किंमत एकाचीही सांगणार नाही. तिथेच थांबवायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं, 'केवढ्याला?' हळू आवाजात नाही. हळू विचारलंस की ती लाज होते.

आणि हा काही आपला कोकणी चिकटपणा नव्हे. खुद्द फ्लॉरेन्समध्ये बिस्तेक्का, म्हणजे तो हाडासकटचा जाडजूड टी-बोन, वजनावर विकतात. बऱ्याच ठिकाणी कच्चा तुकडा टेबलाशी आणून दाखवतात, किती भरला ते सांगतात, मग निखाऱ्यावर जातो. इटालियन माणसाला त्यात कमीपणा वाटत नाही. तू का वाटून घेतेस? तुझे प्रोफेसर पोर्टरहाऊस, म्हणजे तसाच हाडासकटचा स्टेक, मागवतील, तर लक्षात ठेव, कार्डावरचं वजन कच्चं आणि हाड धरून असतं. चाळीस औंस म्हणजे किलोच्या वर, तो दोघा-तिघांत होतो.

वाइनचं तर सोपं आहे. यादीतल्या एखाद्या झेपेल अशा आकड्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, 'याच्या आसपासची चांगली कोणती?' वाइनवाल्याला बरोबर कळतं. ग्लासात घोटभर ओतून देतात ती बाटली खराब नाही ना हे बघायला, आवडली की नाही ते ठरवायला नव्हे. वास घे, मान हलव, संपलं.

आईचं वेगळं. त्या अंडंसुद्धा खात नाहीत, म्हणून भावाइतकंच आत काय आहे तेही विचार. रिझोतो दिसायला शाकाहारी, पण बऱ्याचदा कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलेला. ताजा पास्ता बहुतेकदा अंड्यात मळलेला असतो. अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध फाडणाऱ्या अर्काशिवाय, होतच नाही, आणि ते सगळ्यावर भुरभुरतात. टेबलावर बसल्यावर नको, दोन दिवस आधी दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन कर. तेव्हा किचनला सवड असते.

आता तुझ्या मेसेजमधली मला न आवडलेली गोष्ट. 'बाबांना बिल दिसू द्यायचं नाही, ते रुपयांत हिशोब करत बसतील.' करू देत की! ज्या माणसाने आयुष्यभर आंब्याच्या पेट्या दलालाशी भांडून विकल्या, त्याच्यापासून आकडा लपवणार? माझे वडील इथे आले होते तेव्हा मीही असंच एका महागड्या इटालियन ठिकाणी नेलं होतं. त्यांच्यासाठी अख्खा ब्रांझिनो मासा मागवला. वेटरने तो आधी दाखवला, मग बाजूच्या टेबलावर दोन चमच्यांनी काटा असा अलगद उचलला की मधला कणा शेपटीसकट एका तुकड्यात बाहेर आला. वडील टक लावून बघत होते. पांढरे तुकडे ताटात आले तशी त्यांनी विचारलं, 'डोकं कुठं गेलं?' डोकं परत मागवलं, ते त्यांनी गालापासून डोळ्यापर्यंत चोखून खाल्लं. मग किंमत विचारली. मी खरी सांगितली. त्यानंतर ते गोडाला शिवले नाहीत.

बायको आजही म्हणते, तुम्ही म्हाताऱ्याच्या घशाखालचा घास कडू केलात. केला असेल. पण परत गेल्यावर तोच आकडा त्यांनी वाडीत प्रत्येकाला सांगितला, दर खेपेला दोन-पाच डॉलर वाढवून. खोटा आकडा सांगितला असता तर त्यांच्याकडे सांगायला काय उरलं असतं? ग्रुपमधले सगळे मला कंजूष म्हणतात, टेबलाखालून लाथाही खाल्ल्यात. तरी मी विचारतो. जे मागवलं त्याचा भाव मला ठाऊक असतो, म्हणून बिल आलं की माझा चेहरा बदलत नाही. न विचारणाऱ्यांचे बदललेले मी पाहिलेत.

हिशोब करून ठेव. माणशी १३० डॉलर धरले तर ९१०. त्यावर ६.६२५ टक्के कर, म्हणजे साठेक. टिप २० टक्के, १८२. झाले साडेअकराशे. सहा-सात जणांच्या टेबलाला काही ठिकाणी टिप बिलातच धरलेली असते, तेही विचार, नाहीतर दोनदा देशील. टिपेत मात्र हात आखडू नकोस. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात टिपेवरच्या नोकरांची किमान मजुरी १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलीय. आपल्या न्यू जर्सीत जास्त आहे, पण त्यावर घर चालत नाही.

एवढं झेपत नसेल तर आत्ताच सांग, जागा बदलू. प्रोफेसरांना पिझ्झाही चालेल, मी ओळखतो त्यांच्यासारख्यांना. झेपत असेल तर कालवं जरूर मागव, बाबांना लिंबू पिळून दे, आणि बिल त्यांच्यासमोर उघड. ओरडले तर फोन माझ्याकडे दे, मी बोलतो.

तुझा,
काका