टॉवर नसलेल्या विमानतळावर छोटी विमानं एकमेकांना धडकू नयेत म्हणून वैमानिक नेमकं काय करतात?

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान उडवतो, बहुतेक वेळा टॉवर नसलेल्या विमानतळांवरूनच. टॉवरमधून सूचना देणारा कंट्रोलर नसताना चार-पाच विमानं एकाच धावपट्टीवर चढतात-उतरतात, मग टक्कर कशी टळते, असं तुम्ही विचारलंय.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे एकाच चौकोनात उडतात. जमिनीपासून साधारण १,००० फुटांवर, सहसा डावीकडे वळणं घेत. धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जातो तो डाउनविंड, तिथून वळलं की बेस, पुन्हा वळलं की समोर धावपट्टी, म्हणजे फायनल. बाहेरून येणारा डाउनविंडच्या मध्याला ४५ अंशांत येऊन मिळतो. त्यामुळे दुसरं विमान कुठे शोधायचं ते ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट रेडिओ. प्रत्येक जण एकाच फ्रिक्वेन्सीवर आपली जागा सांगत राहतो. विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा घ्यायचं, कारण आसपासचे दोन-तीन विमानतळ तीच फ्रिक्वेन्सी वापरत असतात.

पण रेडिओ म्हणजे घाटातल्या वळणावर वाजवलेला हॉर्न. समोर कुणीतरी आहे एवढंच कळतं, गाडी स्वतःच आवरावी लागते. १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल विमानतळावर हेच झालं. एक सेसना १५२ चौकोनात सराव करत होतं. दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ फायनलवर येत होतं, सुमारे १८० नॉट, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर वेगाने. १५२ फायनलवर जेमतेम ६०-७० नॉटने उडतं. दोघंही रेडिओवर बोलत होते. मागचं विमान फार वेगाने येतंय हे १५२ च्या वैमानिकाला दिसलंही, आणि उतरणं सोडून देतोय असं तो म्हणाला. तरी धडक झाली, तीन माणसं गेली. या अपघाताची नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. दहा मैलांवरून ‘सरळ येतोय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपल्यासारखंच हळू विमान येतं. म्हणून चौकोनात एक जरी विमान असेल तर मी सरळ फायनलवर येत नाही. नियमाने बंदी नाही, पण मी येत नाही. पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

डोळ्यांवर तरी किती भरवसा ठेवायचा? समोरासमोर येणारी, १०० नॉटची दोन विमानं एकमेकांकडे सेकंदाला शंभर मीटरने सरकतात. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं यात साडेबारा सेकंद जातात, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा हिशोब आहे. म्हणजे सव्वा किलोमीटर आधीच दिसायला हवं. तेवढ्या अंतरावर सेसना १७२ चे दोन्ही पंख मिळून, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीच्या निम्मेच दिसतात.

त्यातून धडकेच्या मार्गावरचं विमान काचेवर हलत नाही. जे सरकतं ते बाजूने निघून जातं. जे एकाच जागी थांबून मोठं होत जातं ते आपल्यावर येतंय. शिकत असताना डाउनविंडवर मला काचेत डावीकडे एक ठिपका दिसत होता. चिलट चिकटलंय असं मी धरून चाललो. माझ्या प्रशिक्षकांनी काही न बोलता कंट्रोल हातात घेतले आणि विमान उजवीकडे वळवून वर काढलं. दोन-तीन सेकंदांत त्या चिलटाला पंख फुटले आणि एक पायपर, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं छोटं विमान, आमच्या खालून गेलं. त्याच्या पंखांवरचे रिव्हेट मला दिसले. तेव्हापासून उडण्याआधी मी काच स्वतः पुसतो, पेट्रोल तपासण्याइतक्याच काळजीने.

विमानाची ठेवणही बघायला आड येते. सेसनाचे पंख वर असतात, त्यामुळे ज्या बाजूला वळायचं तीच बाजू वळताना झाकली जाते. म्हणून वळण्याआधी पंख क्षणभर उचलून बघायचं. पायपरचे पंख खाली, त्यामुळे त्याला खालचं दिसत नाही. फायनलवर वर पायपर आणि खाली सेसना असेल तर दोघंही एकमेकांना आंधळे.

हल्ली टॅब्लेटवर आसपासची विमानं दिसतात. जानेवारी २०२० पासून अमेरिकेत बऱ्याच हवाई क्षेत्रांत आपली जागा प्रसारित करणारं यंत्र सक्तीचं आहे. मी ते वापरतो, पण ज्या जुन्या विमानांत मुळात विजेची यंत्रणाच नाही त्यांना सूट आहे, आणि तीही त्याच धावपट्टीवर उतरतात. म्हणून चौकोनात शिरण्याआधीच स्क्रीन बघून घ्यायची, नंतर मान बाहेर.

रेडिओवर ऐकलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं जुळत नसेल, म्हणजे कुणी ‘बेसवर आहे’ म्हणतोय आणि बेसवर कुणीच दिसत नाही, तर मी बेसकडे वळत नाही. डाउनविंड लांबवतो, नाहीतर चौकोन सोडून बाहेर पडतो आणि नव्याने येतो.

तुम्ही कधी अशा विमानात शेजारच्या सीटवर बसलात तर तुम्हीही बाहेर बघत राहा. काही दिसलं तर घड्याळाप्रमाणे सांगा, ‘दोन वाजता, आपल्यापेक्षा जरा वर’. वैमानिकाला आधीच दिसलं असेल तरी सांगा. माझी बायको सांगते, आणि दोनदा तिला माझ्याआधी दिसलेलं आहे.